मदत हवी आहे: लाखाचा लॅपटॉप आणि काना उमटेना

सुवाच्य:

नमस्कार मंडळी. मी डोंबिवलीत राहते, घरूनच मराठी टायपिंग आणि भाषांतराची कामं करते. दिवसाला पंधरा-वीस पानं होतात. मागच्या दिवाळीच्या आदल्या वर्षी पोटाला चिमटा काढून एक लाख अठरा हजारांचा लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच वाद नकोत. विंडोजवाला आहे, बारीक, हलका, दिसायला देखणा.

अकराव्या महिन्यापासून ई ची कळ बिघडली. मी इन्स्क्रिप्ट या मराठी कळरचनेवर टाइप करते, म्हणजे ई वर माझा काना आहे. कधी दाबला तरी उमटत नाही, कधी दोनदा उमटतो आणि अक्षरापुढे ते ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ येऊन बसतं. वर्तुळ परवडलं, निदान डोळ्याला खुपतं. न उमटलेला काना जास्त वाईट, कारण 'मान'चं 'मन' झालं तर स्पेलचेकर कशाला ओरडेल?

गेल्या आठवड्यात कहर झाला. भाडेकरारात 'दार दुरुस्तीचा खर्च भाडेकरू करील' असं वाक्य होतं. माझ्याकडून गेलं 'दर दुरुस्तीचा खर्च भाडेकरू करील'. वकीलसाहेबांच्या नजरेला आलं म्हणून बरं, नाहीतर त्या बिचाऱ्या भाडेकरूच्या माथी अख्खं घर आलं असतं. साहेब हसले, पण पुढचं काम अजून आलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. पहिली वॉरंटीत असतानाची. तिथल्या मुलाने नोटपॅड उघडलं, एका बोटाने सावकाश ई ई ई ई दाबलं आणि म्हणाला, "मॅडम, ओके आहे." अहो, सावकाश दाबलं की ओकेच असतो! दुसऱ्या वेळी हवा मारून दिली, चार दिवस बरं चाललं. आता वॉरंटी संपून तीन महिने झाले, तर म्हणतात की एक कळ बदलता येत नाही, नुसता कीबोर्डही मिळत नाही, वरचा अख्खा पॅनल बदलावा लागेल. एकवीस हजार पाचशे अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २५,३७०. एका कान्याचे! वर "आत ओल गेल्यासारखी वाटते" हेही सुचवून झालं. चहा मी स्वयंपाकघरात उभ्याने पिते हो.

पैसे भरू, बाहेर दुरुस्त करून घेऊ, की भांडू? जाणकारांनी सांगावं.

पेचकस:

ताई, आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा, पासवर्डच्या चौकटीत ई भराभर दहा वेळा दाबा आणि ठिपके मोजा. दहा नाही आले तर विंडोज किंवा मराठी फॉन्टचा काही संबंध नाही. कळच गेली. दुसरं, यूएसबी कीबोर्ड लावून दिवसभर काम करून बघा. तिसरं, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतो का? टचपॅड वर आल्यासारखा वाटतो का? तसं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग कीबोर्ड राहू दे, चार्जिंग बंद करा आणि आधी बॅटरी काढून घ्या.

पॅनलबद्दल ते खोटं बोलत नाहीत. हल्लीच्या बारीक मॉडेलमध्ये कीबोर्ड स्क्रूने बसवत नाहीत, प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्या वितळवून पॅनलला चिकटवतात. बाजारात त्याला सी-पॅनल म्हणतात. बाहेरचे कारागीर त्या खुंट्या तोडून नुसता कीबोर्ड बदलतात आणि परत डाग देऊन बसवतात. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन ठिकाणी विचारा. मात्र मधली कळ थोडी दबकी लागू शकते. आणि एकदा बाहेर उघडलंत की कंपनीशी भांडण संपलं, तेव्हा हे सगळ्यात शेवटी.

दुपारची_झोप:

महाग म्हणजे टिकाऊ हे डोक्यातून काढा. बारीक करायच्या नादात आधी कीबोर्डचाच बळी जातो. ॲपलने २०१५ मध्ये बटरफ्लाय कीबोर्ड आणला, कळ जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायची. धुळीचा कण शिरला की अक्षर गायब, नाहीतर दोनदा. अगदी तुमच्यासारखंच. २०१८ मध्ये त्यांना फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, खरेदीपासून चार वर्षं. २०१९ च्या शेवटी १६ इंची मॉडेलमध्ये मुकाट्याने जुन्या कात्रीवाल्या रचनेवर परत आले. अमेरिकेत दावा झाला, २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरवर तडजोड झाली, तीही तिथल्या सातच राज्यांतल्या ग्राहकांसाठी. आपण इथे बसून बातमी वाचायची.

एक_ग्राहक:

सुवाच्य, पहिल्या चकरेची जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा सर्व्हिस सेंटरचा कागद, आहे का? सगळं त्यावर आहे. तक्रार वॉरंटीत नोंदवली, दोष तोच आणि आजही तोच, मग वॉरंटी संपली हे उत्तर चालत नाही. ओल गेली म्हणत असतील तर फोटोसकट लेखी मागा. आधी कंपनीला ईमेल, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच दावा करता येतो, म्हणजे ठाण्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षं, तेवढं लक्षात ठेवा.

सुवाच्य:

सगळ्यांचे आभार. दहा वेळा दाबला, तेरा ठिपके आले. परत दाबला, आठ. बॅटरी ठीक आहे, डुगडुगत नाही.

जॉबशीट सापडली, मिक्सरच्या वॉरंटी कार्डात घडी करून ठेवली होती! तारीख वॉरंटीतलीच, तक्रारीच्या रकान्यात 'ई की डबल टाइप' आणि खाली 'नो फॉल्ट फाउंड'. स्कॅन करून ईमेल केला, दोन दिवस उत्तर नाही, म्हणून आज १९१५ ला फोन केला. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला आहे. लॅमिंग्टन रोड तूर्तास नाही.

तोवर सहाशे रुपयांच्या यूएसबी कीबोर्डवर काम चाललंय. टेबल लहान आहे म्हणून तो लॅपटॉपवरच आडवा ठेवते, तर खालच्या कळा दबून मधेच 'ककककक' उमटतं. आतला कीबोर्ड बंद करता येतो का?

पेचकस:

डिव्हाइस मॅनेजर, त्यात कीबोर्ड्स. दोन दिसतील, आतल्यावर राइट क्लिक करून डिसेबल. काही मॉडेलमध्ये तो पर्यायच नसतो, मग पुठ्ठ्याची पेटी उपडी ठेवून वर कीबोर्ड ठेवा. आणि बंद करण्याआधी एकदा रीस्टार्ट करून लॉगिनचा पिन बाहेरच्या कीबोर्डने टाकता येतो ना, ते बघून घ्या.