अनुभव धागा: एकाच खोलीतले दोन संगणक एकमेकांना ओळख दाखवत नाहीत तेव्हा

तारमास्तर

भाच्याने नवा लॅपटॉप घेतला. त्यावरून घरातल्या जुन्या, आतून लिनक्सवर चालणाऱ्या साठवणपेटीतले फोटो उघडेनात, म्हणून त्याने मला बोलावले. विंडोज ११ च्या २४एच२ ची प्रो आवृत्ती समोरच्याकडून स्वाक्षरी केलेले एसएमबी (नेटवर्कवरून फाइली वाटण्याची भाषा) पॅकेट, म्हणजे माहितीची पुडी, मागते आणि पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश मान्य करत नाही; पेटीला यातले काहीच ठाऊक नव्हते. निर्मात्याने दिलेले अद्ययावत फर्मवेअर पेटीवर चढवले, पाहुणा खाते बंद करून नावाचे खाते उघडले आणि काम झाले. पण ते करता करता २०१७ सालचे कार्यालय आठवले.

त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीतल्या एका छिद्रातून तो एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने केलेल्या स्थापनेत ही पहिली आवृत्ती घातलीच जात नाही. आमच्या मजल्यावरच्या झेरॉक्स-स्कॅन यंत्राला मात्र तेवढी एकच भाषा येत होती. विंडोज नव्याने टाकलेल्या प्रत्येक संगणकाकडे स्कॅन पाठवताना यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावर ‘पाठवता आले नाही’ एवढेच उमटत असे आणि जुन्या संगणकांकडे तेच स्कॅन बिनबोभाट जात असे. छिद्र पुन्हा उघडण्याऐवजी आम्ही मध्ये एक लिनक्स संगणक ठेवला. यंत्र त्याच्याकडे एफटीपी या फाइली पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीने स्कॅन टाकी आणि तो सांबाच्या (लिनक्सला एसएमबी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रामच्या) मार्फत नव्या आवृत्तीत सर्वांना वाटून देई.

इंटरनेट बंद पडल्याच्या कहाण्या या धाग्यावर नकोत. विंडोज, लिनक्स, मॅक अशा वेगवेगळ्या प्रणालींचे संगणक शेजारी असूनही बोलत नाहीत, तेव्हा आपण नेमके कुठे पाहिले आणि दोष कुठे सापडला, हे लिहावे.

रात्रपाळी

संगणकाचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर फोल्डर, पासवर्ड, सांबा या सगळ्याचा विचार थांबवावा, कारण त्या संगणकाला पत्ता वाटणारा कोणी भेटलेलाच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे.

आमच्याकडे मात्र पत्ते सगळ्यांना होते आणि तिथेच गोंधळ होता. ब्रॉडबँडवाल्याच्या डब्याला तारेने जोडलेले विंडोज संगणक १९२.१६८.१ मध्ये, तर साहेबांनी हौसेने आणलेल्या दुसऱ्या राउटरच्या वाय-फायवरचे मॅक १९२.१६८.० मध्ये. मॅकवरून विंडोजवरचे फोल्डर पत्ता टाकून उघडत होते, उलट दिशेने काहीच होत नव्हते, म्हणून सर्वांनी मॅकला दोष दिला. खरे तर दुसरा राउटर आपल्यामागचे सगळे पत्ते झाकत होता. त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी, सेवा बंद केली, पहिल्याशी भांडणार नाही असा पत्ता त्याला दिला, इंटरनेटच्या निळ्या खाचेतली तार काढून शेजारच्या पिवळ्या खाचेत घातली आणि सगळी यंत्रे एका आळीत आली.

खिडकीवाली

@रात्रपाळी, एकतर्फी दिसण्याचा आणखी एक प्रकार आमच्याकडे रोजचा आहे. विंडोजने वाय-फायला ‘सार्वजनिक’ ठरवले की तिची फायरवॉल (नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी) बाहेरून आलेल्या पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर देत नाही. लिनक्सवाला पिंग करतो, उत्तर येत नाही आणि बिचाऱ्या तारेवर संशय जातो. मी अशा वेळी पिंगनंतर लगेच एआरपी तक्ता, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या नेटवर्क कार्डाचा याची यादी, पाहते. त्या आयपी पत्त्यासमोर समोरच्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता ताजा उमटला असेल, तर यंत्र जिवंत आहे, तार ठीक आहे आणि नकार फायरवॉलचा आहे. तक्त्यात ती जागा अपूर्ण राहिली, तरच तार, स्विच किंवा वाय-फायकडे वळावे. त्यापुढची पायरी म्हणजे ४४५ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे का ते तपासणे, कारण फोल्डर त्या दारातून मिळतो. पिंगचे दार वेगळे असते.

नव्याची_नवलाई

घाईत विचारते आहे, पोळ्या तव्यावर आहेत. लिनक्सवरून विंडोजचा फोल्डर उघडताना पासवर्ड मागतो आणि बरोबर पासवर्ड टाकूनही नाकारतो. असे का होत असावे?

खिडकीवाली

ताई, आपण संगणक उघडताना चार आकडी पिन टाकत असाल. तो पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा मूळ पासवर्ड द्यावा लागतो. उलट दिशेलाही अशीच गंमत आहे. लिनक्सवरचा सांबा सहसा स्वतःची वेगळी पासवर्ड-वही ठेवतो, त्यामुळे लिनक्समध्ये खाते असले तरी सांबात ते वेगळे नोंदवावे लागते.

नव्याची_नवलाई

पिनच होता. मूळ पासवर्ड यजमानांना विचारावा लागला आणि तो त्यांनाही आठवेना, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. आभार.

ग्रंथपाल

जोडणी उत्तम असताना आलेली अडचण सांगतो. प्रकाशनगृहात मजकूर विंडोजवर, मुखपृष्ठे जुन्या मॅकवर आणि साठा लिनक्स सर्व्हरवर, अशी आमची मांडणी होती. मॅकवरून आरसिंक या प्रती जुळवणाऱ्या प्रोग्रामने साठ्यात प्रती जात असत. काही दिवसांनी एकाच फोल्डरात ‘दुसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ’ या नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या, अक्षर न् अक्षर सारख्या. एकीत दुरुस्ती केली की दुसरी जुनीच राही आणि छपाईला कोणती गेली यावरून वाद होत.

नावांचे बाइट उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. विंडोजवर टंकलेला ‘ऱ’ हा युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा एकसंध वर्ण होता. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलप्रणाली नावे साठवतानाच त्याची फोड करून ०९३० चा ‘र’ आणि त्यापुढे ०९३सी चा नुक्ता असे दोन वर्ण ठेवते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, परंतु लिनक्सची नेहमीची फाइलप्रणाली फक्त बाइट जुळवते, म्हणून तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली होत्या. आरसिंकच्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर्णरूपांतराचा पर्याय आहे. मॅकबरोबर आलेली प्रत त्याहून जुनी असल्यामुळे नवी बसवली, रूपांतर चालू केले आणि जोड्या बनणे थांबले. एपीएफएस ही नवी फाइलप्रणाली आल्यापासून मॅक नाव जसे दिले तसेच ठेवतो, तरी जुन्या डिस्कांवरून प्रती घेताना हे पाहावे.

अर्धी_बादली

म्हणजे पुण्याच्या फाइली सुखरूप आणि कऱ्हाडच्या मात्र दोन-दोन!

ग्रंथपाल

अगदी तसेच. ‘सातारा’ शाबूत राहते, ‘साताऱ्याचा इतिहास’ दुणावतो. फाइलीच्या नावात अपूर्णविराम घालणाऱ्यांचे हाल वेगळेच. लिनक्सवर ‘अहवाल: मार्च’ असे नाव बिनतक्रार चालते, विंडोजला ते चिन्ह वर्ज्य आहे, म्हणून सांबा तिकडे एखादे आखूड, अगम्य, मध्ये तरंगचिन्ह असलेले नाव दाखवतो आणि लोक विषाणू आला म्हणून धावत येतात.

तारमास्तर

ही ‘ऱ’ ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. नेटवर्क तपासताना बाइटांपर्यंत उतरण्याची सवय या क्षेत्रात जुनीच आहे. कॅनबेऱ्यात शिकत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस सांबाचा पहिला अवतार लिहिला तो तारेवरून जाणारी पॅकेट पाहून. डॉस संगणकाला युनिक्स यंत्रावरच्या फाइली दिसाव्यात एवढीच त्यांची गरज होती. कॅनबेऱ्यातही ‘ऱ’ आहे, हे आता लक्षात आले.

प्रयोगशाळा_३

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रत्येक संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही होते, आणि लिनक्सवर विद्यार्थ्यांचे फोल्डर विंडोज डोमेनच्या (सर्वांची खाती एके ठिकाणी ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हरवरून जोडले जात. काही तासिकांना सगळे जोडले जाई, काही तासिकांना अर्ध्या यंत्रांवर नकार येई, आणि नकार देणारी यंत्रे दरवेळी वेगळी असत. स्विच बदलून झाला, तारा बदलून झाल्या. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले की या यंत्रांवर घड्याळ पुढे का आहे.

आधीच्या तुकडीने विंडोज वापरले की ते यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ लिहून ठेवी. आमच्या इमेजमधले (सर्व यंत्रांवर चढवलेल्या तयार प्रतीतले) लिनक्स ती वेळ जागतिक समजून तिच्यात आणखी साडेपाच तास मिळवी. कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या पद्धतीला डोमेनमध्ये मूळ मांडणीनुसार पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालत नाही, त्यामुळे तिकीट मिळत नसे आणि फोल्डर जोडला जात नसे. एरवी लिनक्सने इंटरनेटवरून वेळ दुरुस्त केली असती, पण त्यासाठी लागणारे १२३ क्रमांकाचे पोर्ट महाविद्यालयाच्या फायरवॉलने बाहेर जाण्यासाठी बंद ठेवले होते. विंडोजच्या नोंदवहीत (रजिस्ट्रीत) यंत्राचे घड्याळ जागतिक वेळेचे आहे अशी नोंद केली आणि वेळ डोमेनच्या सर्व्हरवरूनच घ्यायला लावली. तेव्हापासून नकार नाही.

अर्धी_बादली

आभासी यंत्राचा (संगणकातच चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा) एक सामान्य अनुभव नोंदवून ठेवतो. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवले आणि त्याचा पत्ता १०.०.२.१५ दिसला, तर ते बाहेर सगळीकडे जाऊ शकते, पण बाहेरून त्याच्याकडे कोणी येऊ शकत नाही. नेटवर्क प्रकार ‘ब्रिज्ड’ केला की त्याला घरच्या राउटरकडून पत्ता मिळतो.

दुपारची_शिफ्ट

आमच्या चित्रफीत-संपादन कक्षात लिनक्स सर्व्हर आणि मॅक यांच्यात लॉगिन होई, फोल्डरची यादी येई, छोटी फाइल उघडे आणि मोठी फाइल ओढली की सुरुवातीलाच गोठे. विंडोज लॅपटॉपवर तीच फाइल सुरळीत येत असल्यामुळे पुन्हा मॅकवरच ठपका होता. कोणीतरी वेगासाठी सर्व्हर आणि मॅक दोन्हींचा एमटीयू (एका पॅकेटाचा कमाल आकार) ९००० बाइट केला होता, पण मधला जुना स्विच १५०० च्या पुढचे पॅकेट गुपचूप टाकून देत होता. लॅपटॉप १५०० वरच असल्याने सर्व्हर त्यांच्याशी लहान पॅकेटांत बोलत असे. तुकडे करण्यास मनाई करून पिंग पाठवला, तेव्हा १४७२ बाइट पोहोचले आणि ८९७२ हरवले. पॅकेटाच्या शीर्षकाचे २८ बाइट धरले की हिशेब जुळतो.

रात्रपाळी

मग नवा स्विच घेतला का? आमच्याकडे असाच खर्चाचा प्रस्ताव अडकला आहे.

दुपारची_शिफ्ट

नाही, दोन्हीकडचा एमटीयू परत १५०० केला. वेगात पडलेला फरक संपादकांपैकी कोणाच्याही लक्षात आला नाही.