मदत हवी आहे : मेक्सिकन चित्रपटाच्या मराठी अनुवादात ‘वहिनी’ लिहावे का?

सप्रेम नमस्कार. आमच्या छोट्या चित्रपट मंडळासाठी मी अल्फोन्सो क्वारोन यांच्या ‘इ तू मामा ताम्बिएन’ (२००१) या चित्रपटाच्या संवादांचा मराठी अनुवाद करत आहे. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट, मेक्सिको सिटीतून ओआहाकाच्या समुद्रकिनाऱ्याकडे निघालेली दोन मुले आणि वयाने मोठी असलेली लुइसा यांच्या प्रवासाचा आहे.

लुइसा ही त्या दोन मुलांपैकी तेनोचच्या नात्यातल्या भावाची बायको, म्हणजे मराठीत सरळ ‘वहिनी’. परंतु तो शब्द आला की तिघांमधल्या मोकळिकीला भलताच रंग चढतो आणि लग्नसमारंभातल्या पहिल्या भेटीपासून नुसते ‘तू’ ठेवले तर तिथले अवघडलेपण निघून जाते.

मला खरे छळते आहे ते निवेदकाचे बोलणे. तो बोलण्याआधी बाकीचे आवाज क्षणभर बंद होतात, आणि पात्रांना ठाऊक नसलेले काहीतरी तो अगदी सपाट स्वरात सांगतो. एके ठिकाणी वाहतूक खोळंबते, तेव्हा मिचोआकानहून आलेला एक गवंडी बसची धडक बसून गेल्याचे त्याच्याकडून कळते. येथे ‘निधन’ लिहिले तर श्रद्धांजलीचा सूर लागतो, ‘मृत्यू झाला’ हे पंचनाम्यासारखे वाटते आणि ‘मेला’ लिहायला हात धजत नाही.

स्पॅनिश जाणणाऱ्यांनी किंवा उपशीर्षकांचे काम केलेल्यांनी कृपया सांगावे : लुइसाला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर नेमक्या कोणत्या प्रसंगी आणावे, आणि त्या गवंड्यासाठी कोणते क्रियापद वापरावे?