ट्रेस एलिमेंटला मराठीत काय म्हणावं?

जिंतूरकर: गावातल्या आरोग्य शिबिरासाठी माहितीपत्रक लिहायलोय, त्यात ट्रेस एलिमेंट (अंगात अगदी थोडं असणारं मूलद्रव्य, लोह, झिंक असलं) आलं आणि तिथंच अडकलो. आपल्याकडं सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणलं की शेतकऱ्याला लगेच कळतं, झिंक सल्फेट, फेरस सल्फेट सगळ्यांनी टाकलेलं असतं. माणसासाठी तोच शब्द चालंल का? लेशमूलद्रव्य लईच पुस्तकी वाटायलंय.

लातूरकर: नका दादा. पिकाच्या यादीत बोरॉन असतं, आयोडीन नसतं, आणि माणसाला आयोडीन लागतंच, मोठ्याला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम. सूक्ष्म पोषक म्हणलं तर जीवनसत्त्वं पण आली त्यात. आणि शिसं, आर्सेनिक पण अंगात लेशमात्रच सापडतात की, त्यांना पोषक कसं म्हणायचं? लेश फक्त किती ते सांगतो, चांगलं का वाईट ते नाही, म्हणून मला तोच बरोबर वाटतो. किनवटकडचं फ्लोराईडचं पाणी बघा ना, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पिण्यात आलं की लेकरांच्या दातावर डाग पडतात, आणखी जास्त असलं तर हाडं धरतात.

नांदेडची ताई: मी लॅबमध्ये आहे. शब्द कोणताबी घ्या पण "रक्त कमी" आणि "लोह कमी" हे वेगवेगळं लिहा, हात जोडून सांगते. एचबी (हिमोग्लोबिन) नॉर्मल असतानाच लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, तो फेरिटिन या रक्ततपासणीत कळतो, मोठ्या माणसात मिलिलिटरला 15 नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे साठा रिकामाच, पण अंगात इन्फेक्शन किंवा सूज असली तर फेरिटिन वाढलेलं दिसतं म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, बघतात. उलटं पण होतं, थॅलेसेमिया मायनरमध्ये (आईबापाकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष) एचबी कमी आणि लोह बरं, अशा पेशंटला नुसत्या लोहाच्या गोळ्या देत बसून काय उपयोग. तांब्याचं तर अजूनच वेगळं. विल्सनच्या आजारात तांबं यकृतात साचत जातं आणि रक्तातलं एकूण तांबं बऱ्याचदा कमी निघतं. त्यामुळं "रिपोर्टात कमी म्हणजे अंगात कमी" असं वाक्य कुठंच येऊ देऊ नका.

जिंतूरकर: ताई, हे टाकतोच. शीर्षकात लेशमूलद्रव्यं, आणि खाली लगेच "अंगाला अगदी थोडी लागणारी किंवा अंगात अगदी थोडी सापडणारी मूलद्रव्यं". जस्त लिहू का झिंक?

नांदेडची ताई: झिंकच लिहा. जस्त म्हणलं की लोकांना बादली आठवती. लेकराला जुलाब लागले की ओआरएससोबत जी गोळी देतात ती आयांना झिंकची गोळी म्हणूनच माहीत आहे. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायची हे मोठ्या अक्षरात टाका, बऱ्याच जणी तिसऱ्या दिवशीच बंद करायल्यात.