मदत हवी आहे: 'एफपीएस बूस्ट'ची फाइल चालवल्यापासून गेम अडखळतोय, पूर्ववत कसं करू?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहितो, अर्धवट माहितीवर तुम्हाला अंदाज बांधायला लावायचे नाहीत.

लॅपटॉप पाच वर्षांचा. रायझन ५ ४६००एच, जीटीएक्स १६५० (४ जीबी), ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ५१२ जीबी एसएसडी, १४४ हर्ट्झचा डिस्प्ले, विंडोज ११. शाळेतले आम्ही पाच मित्र दर शनिवारी रात्री काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. एक पुण्यात, दोघे नागपूरला, एक जर्मनीत आणि मी अकोल्यात. आठवड्यातून तेवढीच आमची गाठ पडते, त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं खेळणं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी गेमचा वेग वाढवते म्हणून एका व्हिडिओखाली दिलेली बॅच फाइल (एकापाठोपाठ कमांड चालवणारी फाइल) मी ॲडमिन म्हणून चालवली. काळ्या खिडकीत भराभर ओळी सरकल्या, एकही धड वाचता आली नाही, शेवटी 'रीस्टार्ट करा' आलं. आधी रिस्टोअर पॉइंट काढला नव्हता. तेव्हापासून कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडा शंभराच्या वर दिसतो, पण धुरातून कोणी बाहेर आलं की चित्र क्षणभर गोठतं आणि हेडफोनमधला आवाज टर्र करून तुटतो. चित्र पुन्हा हलतं तोवर गोळी लागून गेलेली असते. दोनदा तर मेमरी कमी असल्याचा संदेश येऊन गेमच बंद पडला.

नशिबाने मार्चमध्ये कॅपफ्रेमएक्सवर (फ्रेम मोजायचं सॉफ्टवेअर) मोजलेले आकडे जपून ठेवले होते. तोच मॅप, तीच लो सेटिंग्ज. तेव्हा सरासरी १०८ आणि '१ टक्का लो' (सर्वात हळू आलेल्या १ टक्का फ्रेमचा वेग) ५४. आता सरासरी १११ आणि १ टक्का लो २३! म्हणजे एरवी ९ मिलिसेकंदांत येणारी फ्रेम मधूनच ४३ मिलिसेकंद घेते. सरासरी बघून फाइलने काम केलं असंच कोणालाही वाटेल.

फाइल नंतर नोटपॅडमध्ये उघडली. मला कळलं ते असं: गेम मोड बंद केलाय, पॉवर प्लॅन 'अल्टिमेट परफॉर्मन्स' केलाय, मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारं संरक्षण) बंद, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) काढून टाकलीय, रजिस्ट्रीत 'सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेस' (मागे चालणाऱ्या कामांसाठी प्रोसेसरचा किती टक्के वेळ राखायचा तो आकडा) शून्य, वीसेक सर्व्हिसेस डिसेबल. शिवाय बीसीडीएडिटच्या (विंडोज सुरू होतानाच्या सेटिंग्ज बदलणारी कमांड) चार ओळी आहेत, त्या अजिबात कळल्या नाहीत. गेम मोड परत चालू केला, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने टाकला, फरक शून्य.

विंडोज पुसून नव्याने टाकायची माझी तयारी नाही. बाबांच्या दुकानाचं टॅली आणि नेट बँकिंग याच लॅपटॉपवर आहे. सुरुवात कुठून करू? आणि मेमरी इंटिग्रिटी परत चालू केली तर गेम हळू होईल का?

प्रतिसाद १

आधी त्या चार ओळींकडे बघू. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा, नुसतं 'बीसीडीएडिट' टाइप करा (अर्थात इंग्रजीत) आणि एंटर मारा. यादीत 'युजप्लॅटफॉर्मक्लॉक' समोर 'येस' दिसतंय का?

दिसत असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. गेम आणि ड्रायव्हर सतत वेळ विचारत असतात. एरवी ती वेळ प्रोसेसरच्या आतल्या काउंटरवरून झटकन मिळते. ही ओळ घातली की प्रत्येक वेळी चिपसेटमधल्या एचपीईटी टायमरपर्यंत जावं लागतं, आणि तो वाचायला कितीतरी जास्त वेळ लागतो. जुन्या काळी काही मशिन्सवर याचा उपयोग झाला असेल, आज मात्र ही ओळ काढलेलीच बरी. 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू युजप्लॅटफॉर्मक्लॉक' ही कमांड द्या आणि रीस्टार्ट करा.

एक कळकळीची विनंती: एका वेळी एकच बदल करा, मग मोजा, मग पुढचा. त्या फाइलने सगळं एकदम बदललं म्हणूनच आज दोषी कोण ते कळत नाहीये. मार्चचे आकडे तुमच्याकडे आहेत, इथे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडे ते नसतात.

प्रतिसाद २

पेजफाइल आजच परत चालू करा. ८ जीबीतली काही रॅम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आधीच राखून ठेवतं. विंडोज प्रोग्रॅम्सना जी मेमरी कबूल करते तिची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल शून्य केली की ती मर्यादा खाली येते आणि रॅम थोडी शिल्लक असतानाही गेमला नकार मिळू शकतो. तुमचा गेम बंद पडतो तो त्यामुळेच असणार. ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली मॅनेज' वर टिक करा.

सिस्टिम रिस्पॉन्सिव्हनेसची काळजी करू नका. १० पेक्षा कमी आकडा दिला तर विंडोज तो २० धरते, आणि मूळ आकडा २० च असतो. 'शून्य करा, गेम उडेल' असं सांगणारे किती व्हिडिओ पाहिलेत, पण त्या शून्याने काहीच होत नाही.

प्रतिसाद ३

मेमरी इंटिग्रिटीबद्दल: गेमसाठी ती बंद करून बघता येते असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय, त्यामुळे तो सल्ला मुळात खोटा नाही. पण ते संरक्षण आहे, आणि तुमच्याकडे त्याच मशिनवर बँकेचे व्यवहार होतात. तुमचा प्रोसेसर एएमडीच्या झेन २ पिढीचा आहे. त्या पिढीपासून या कामाला हार्डवेअरचाच आधार मिळतो, जुन्या प्रोसेसरांवर तेच काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि तिथे फटका मोठा बसतो. मी तुमच्या जागी असतो तर चार-पाच फ्रेम सोडल्या असत्या आणि ती चालू केली असती.

सर्व्हिसेस एकेक शोधत बसू नका. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे 'फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट' असेल तर ते चालवा. फाइल्स आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज पुन्हा बसतं. पण हे शेवटी करा, आधी वरचे दोन उपाय.

आणि अकोल्याचा उन्हाळा विसरू नका. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळता का?

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं एकेक करत गेलो.

युजप्लॅटफॉर्मक्लॉक समोर 'येस'च होतं. काढलं, रीस्टार्ट केलं, तीच मॅच रीप्ले करून तीन वेळा मोजलं. १ टक्का लो २३ वरून ४१! आवाजाचं टर्र पूर्ण थांबलं. मग पेजफाइल ऑटोमॅटिक केली आणि आकडा ५० वर आला. कालच्या दोन तासांत गेम एकदाही बंद पडला नाही. मेमरी इंटिग्रिटी चालू केल्यावर सरासरी १११ वरून १०६ झाली, ती मला चालेल. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, 'बँकेचं आधी बघ.' विंडोज रिपेअर रविवारी बॅकअप घेऊन करणार आहे.

गादीचा प्रश्न बरोबर होता. पलंगावरच ठेवायचो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चाळीस मिनिटांनी प्रोसेसर ९५ अंशांवर दिसला आणि तिथून वेग खाली येत होता. डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांवर बोट टेकवत नव्हतं. आता टेबलावर मागच्या बाजूला दोन जाड वह्या घालून उचलून ठेवलाय आणि पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड' केलाय. तापमान ८७ वर थांबतं.

आता एक शेवटचं विचारतो. रॅमची आणखी एक स्टिक टाकली तर खरंच फरक पडेल का? दुसऱ्या कंपनीची चालेल?

प्रतिसाद २

पडेल, आणि तुमच्या बाबतीत कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त. एका स्टिकवर मेमरीचा एकच चॅनेल चालतो, दोन झाल्या की प्रोसेसरला एका वेळी दुप्पट रुंद रस्ता मिळतो. अचानक बसणाऱ्या झटक्यांना तो सर्वात जास्त उपयोगी. कंपनी वेगळी असली तरी बहुतेक वेळा चालतं, पण ८ जीबी, डीडीआर४, ३२०० चा वेग आणि लॅपटॉपची म्हणजे एसओ-डिम हे चारही जुळवून घ्या. कमी वेगाची घेतली तर दोन्ही त्याच वेगाने चालतील. आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट्स युज्ड' बघा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डकवलेली असते.

धागाकर्ता

'१ ऑफ २' दिसतंय. दुकानात चौकशी करतो. बसवली की तोच मॅप, तीच सेटिंग्ज, तीन वेळा मोजून आकडे इथेच टाकतो.