टर्बो पोलो: रीमॅप आधी की ब्रेक?

फोंडेकर: माझ्या फोक्सवॅगन पोलो १.२ टीएसआयला (टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) स्टेज १ रीमॅप करायचाय, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवायचीय. पण चोर्ला घाट उतरताना ब्रेक पेडल आत्ताच मऊ पडतं. आधी काय बदलू?

घाटवाट: रीमॅप राहू दे. बहुधा ब्रेक फ्लुइड उकळतंय. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे दमटपणा काय कमी! डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १५५ला. सगळं बदलून चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढ. डॉट ५ सिलिकॉनचं, ते नकोच. ब्रेक पॅड ३ मिमीपर्यंत झिजले असतील तर तेही बदल. आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा.

मापशेकर: रीमॅप केलास तरी मर्यादा बघ. टायरवर ‘एच’ म्हणजे कमाल ताशी २१० किमी. डीएसजीचा ड्राय (तेलात न बुडवलेला) क्लच २५० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंतचा. रीमॅपनंतरचा टॉर्क त्याच्या बराच खाली ठेव.

फोंडेकर: मग आधी फ्लुइड. आभारी!