वडिलांचा रेशो ०.६८ आला, म्हणजे सीओपीडीच (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) का?

प्राजक्त७:
वडील ७४ वर्षांचे, बिडी-सिगारेट कधीच नाही. हर्नियाच्या ऑपरेशनआधी पीएफटी (फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजायची टेस्ट) केली. एफईव्ही१/एफव्हीसी हा रेशो ०.६८ आणि खाली छापलंय 'माइल्ड ऑब्स्ट्रक्शन', म्हणजे सौम्य अडथळा. धाप नाही, खोकला नाही, दोन जिने न थांबता चढतात. रिपोर्ट आल्यापासून मात्र स्वतःचा श्वास मोजत बसलेत. पंप चालू करावा लागेल का?

फुंकणी:
मी हीच टेस्ट घेते. दिवसभर 'फुंका, फुंका, अजून फुंका' ओरडायचं, हाच माझा धंदा. पंपाचं डॉक्टर ठरवतील, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगते.

पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा, हा तुमचा रेशो. वयाबरोबर फुफ्फुसाचा ताण सैल पडतो, बारीक नळ्या लवकर मिटतात आणि रेशो आपोआप उतरतो. गोल्ड या सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शक गटाची ०.७० ही रेघ (त्याखाली म्हणजे अडथळा) मात्र सगळ्या वयांना एकच. त्यामुळे ठणठणीत म्हातारे तिच्यात अडकतात, आणि पंचविशीतला ०.७२ वाला, ज्याची खरी चौकशी व्हायला हवी, तो सुटतो! म्हणून झेड-स्कोअर (त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या सरासरीपासून आकडा किती दूर) बघा. उणे १.६४५ च्या खाली गेला तरच वयाच्या मानाने कमी.

दुसरं, ०.७० सुद्धा श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध दिल्यानंतरच्या आकड्याला लावायची असते. 'पोस्ट'चा रकाना भरलाय का?

प्राजक्त७:
झेड-स्कोअर उणे १.१. पोस्ट रिकामा.

रात्रपाळी:
छातीरोग विभागात शिकतोय. ०.७० ला इतकं हिणवू नका. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या चार मोठ्या अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासलं होतं. सीओपीडीमुळे ॲडमिट होणं किंवा मृत्यू, याचा अंदाज बांधण्यात ०.७० इतर कुठल्याही मर्यादेपेक्षा कमी पडली नाही. आणि सिगारेट नाही म्हणजे सुटलो असंही नाही. चुलीचा धूर, धुळीचं काम, जुना टीबी, लहानपणची न्यूमोनिया, सगळं विचारावं लागतं.

फुंकणी:
मान्य, पण ते हजारोंच्या गटाबद्दल झालं. इथे लक्षणं नसलेला एक माणूस आहे आणि पोस्ट केलेलीच नाही. आमच्याकडे साल्बुटामॉल देऊन पंधरा मिनिटं बसवतो आणि पुन्हा फुंकायला लावतो. एवढं केल्याशिवाय सीओपीडीचा शिक्का मारू नये.

प्राजक्त, आलेखही बघा. शेवटी रेघ सपाट झालीय की मध्येच तुटलीय? पेशंट लवकर थांबला तर एकूण हवा कमी मोजली जाते आणि रेशो उलट चांगला दिसतो. म्हणजे त्या बाजूनेही फसगत होते. तीन नीट फुंका झाल्यात का आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोनमधला फरक १५० मिलिलिटरच्या आत आहे का, हेही तपासा.

प्राजक्त७:
रेघ सपाट आहे. वडील तरुणपणी दहा-बारा वर्षं सूतगिरणीत होते, ते मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

रात्रपाळी:
ते आधी सांगा. पोस्टसकट टेस्ट पुन्हा करून घ्या, भूलतज्ज्ञांनाही दोन्ही रिपोर्ट दाखवा.