‘इंडाइटमेंट’ आणि ‘ड्यू प्रोसेस’ यांना मराठीत काय म्हणावे?

‘इंडाइटमेंट’साठी ‘दोषारोपपत्र’ चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते चालणार नाही. आपल्याकडे दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात; अमेरिकेत मात्र सरकारी वकिलाने मांडलेला आरोप खटला चालवण्याजोगा आहे का, हे सामान्य नागरिकांची ग्रँड ज्यूरी ठरवते, आणि तिने होकार दिलेले आरोपपत्र म्हणजे ‘इंडाइटमेंट’. संघीय न्यायालयांत गंभीर गुन्ह्यांसाठी हा टप्पा १७९१च्या पाचव्या घटनादुरुस्तीने आला. राज्यांवर त्याची सक्ती नाही.

‘ग्रँड’चे ‘महा’ करू नये. हा मोठेपणा अधिकाराचा नसून संख्येचा आहे. संघीय ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ जण असतात, तर दोष ठरवणाऱ्या ज्यूरीत सहसा १२. ग्रँड ज्यूरीतील किमान १२ जणांनी होकार दिला, की ‘ट्रू बिल’ या शेऱ्याखाली प्रमुखाची सही होते. त्यातल्या ‘ट्रू’चा अर्थ आरोप सिद्ध झाला असा नव्हे. नकार द्यायचा असल्यास जुन्या इंग्लंडमध्ये कागदाच्या पाठीवर ‘इग्नोरामस’, म्हणजे ‘आम्हांस ठाऊक नाही’, असे लिहीत, आणि मला तो शेरा फार प्रांजळ वाटतो.

म्हणूनच या टप्प्यावर ‘दोषी ठरवले’ असे लिहिणे हा निव्वळ शब्दाचा दोष राहत नाही, तो त्या माणसावरचा अन्याय होतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्यूरीने मार्च २०२३मध्ये आरोप ठेवले. दोषी ठरवले ते वेगळ्या ज्यूरीने, मे २०२४मध्ये. मी ‘खटला चालवावा असा ग्रँड ज्यूरीने कौल दिला’ असे लिहीन. ‘आरोप मान्य केला’ हेही नको, कारण त्यात आरोपीनेच कबुली दिल्याचा भास होतो.

‘ड्यू प्रोसेस’ म्हणजे कोणाचे जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावण्यापूर्वी सरकारने पाळायची कायद्याची प्रक्रिया. तिच्यासाठी ‘रीतसर प्रक्रिया’ हा शब्द सुचवला गेला आहे, पण तो अपुरा पडतो. संघीय ग्रँड ज्यूरीच्या बंद खोलीत न्यायाधीश नसतो, बचावाचा वकील नसतो आणि ऐकीव पुरावाही चालतो. आरोपीला निर्दोष दाखवणारा भक्कम पुरावा हाती असला तरी सरकारी वकिलाने तो तिथे मांडलाच पाहिजे असे नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२मध्ये विल्यम्स खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. हे सारे रीतसर आहे; न्याय्य आहे असे मला म्हणवत नाही. मूळ शब्दातली अपेक्षा मात्र दोन्हींची आहे, आणि ती ‘न्यायोचित प्रक्रिया’ या शब्दांत अधिक नेमकी उतरते.